दहावं फडकं

किसनमामा ओव्हाळ कुठल्याही गाडीचं इंजिन उघडण्याआधी फडकी मोजायचे. तेही मनातल्या मनात नाही, चांगलं खणखणीत मोठ्यानं. बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यातून पांढऱ्या सुती कापडाचे हातभर तुकडे एकेक करून बाहेर यायचे. प्रत्येकाच्या एका कोपऱ्याला गाठ मारलेली. नऊ झाली की जो कोणी शेजारी उभा असेल त्याला मामा विचारायचे, "किती झाली?" समोरचा "नऊ" म्हणाल्याशिवाय त्यांचा हात पान्याला लागत नसे. काम संपलं की पुन्हा तेच. नऊच्या नऊ डब्यात गेली की मगच चावी फिरवायची.

इंजिनाचे पाइप सुटे केले की त्यांची तोंडं उघडी पडतात. त्यात धूळ जाऊ नये, एखादा नट पडू नये म्हणून फडक्याचा बोळा कोंबतात. साधी गोष्ट. पण एखादा बोळा आत राहिला तर इंजिनाचं वाटोळं होतं. मामा म्हणायचे, "नट ऱ्हायला तर खडखड करून सांगतो तरी. फडकं बोलत न्हाई. न बोलणारी चीज लई वाईट, सर."

फडकी मामींच्या साड्यांची असत. शांतामामी चौदा एप्रिलला विहारात पांढरी साडी नेसून जात. ती साडी विरली की मामा तिचे तुकडे करत. दुसऱ्या कुठल्या रंगाचं कापड त्या डब्यात कधी आलं नाही. "पांढऱ्यावर मळ दिसतो," एवढंच त्यांचं कारण.

मामा बसच्या आगारातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आणि वडवणीत आमच्या शेजारी घर बांधून राहिले. बारीक अंगकाठी, जाड भिंगाचा चष्मा, खिशाला कायम पेन्सिल. दुकान त्यांनी काढलं नाही. पण आजूबाजूचे जीप-ट्रॅक्टरवाले आवाज ऐकवायला गाडी घेऊन दारात यायचे. मामा खुर्चीतून न उठता डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "दुसऱ्या नंबरचा इंजेक्टर हाय. जा." कोणी फारच घाई केली तर म्हणत, "जल्दी हाय तर चालत जाय की बे."

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. म्हणजे फळ्यावर शिकवतो. खडूनं काढलेलं इंजिन माझ्या हातून कधी बिघडलं नाही, म्हणून मला वाटायचं की खरंही बिघडणार नाही. हौसेनं मी एक मोठी जुनी डिझेल गाडी घेतली होती, परदेशी बनावटीची. तिला दोन टर्बो होते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, इंजिनाला जास्तीची हवा भरवणारा. वर्षभरात दोन्ही खिळखिळे झाले. चढावर गाडी निळा धूर सोडायची आणि मागचा मोटारसायकलवाला माझा उद्धार करायचा.

मामांनी गाडीखाली डोकं घालून पाहिलं आणि हसले. "एका गाडीला दोन टर्बो? एका घरात दोन कारभारी म्हणल्यावर भांडणं व्हणारच."

नवे टर्बो मागवले आणि बदलायचे आपणच, माझ्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, असं मी ठरवलं. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले होते. मामा म्हणाले, "करू. पर हात तुमचे अन् मोजणी माझी."

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. कॉलेज सुटलं की मी शेडमध्ये. मामा स्टुलावर. गंजून बसलेल्या बोल्टाशी मी झटापट करू लागलो की ते हात धरत. "बोल्टाला जबरदस्ती न्हाई करायची. तेल पाजा, चहा पिऊन या, त्याला सवड द्या. मोडला तर त्यो जिंकला." खरोखर दोन दिवसांनी तोच बोल्ट निमूटपणे फिरला. नवा टर्बो बसवण्याआधी त्यात तेल ओतून दांडा बोटानं फिरवायला त्यांनी मला शिकवलं. "कोरडा फिरवाल तर पयल्या मिंटाला मरतो. उपाशी माणसाला धावाया लावायचं न्हाई." हे मी पुढे वर्गात सांगितलं, स्वतःचं वाक्य असल्यासारखं.

त्याच सुमारास गावात मुलांसाठी मोटार दुरुस्तीचं एक छोटं शिकवणी केंद्र निघत होतं. मी त्याच्या समितीवर होतो. शनिवारचा इंजिनाचा वर्ग मामांनी घ्यावा असं मीच सुचवलं होतं आणि बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. हे कळल्यावर मामांनी वही आणली. पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहिलं: "धडा पहिला. फडकी मोजणे." मला ते पान दाखवताना ते लाजले. आगारात आयुष्य गेलं, हाताखाली कितीजण तयार झाले, पण "सर" म्हणून त्यांना कोणी कधी हाक मारली नव्हती. मामी थट्टेनं म्हणाल्या, "आता ह्यायला बी सर म्हणावं लागन." मामांनी ते मनावर घेतल्याचं मला स्पष्ट दिसलं.

काम संपायला एक दिवस राहिला असताना मामा भाचीच्या लग्नाला कडा गावी गेले. जाताना बजावून गेले, "मी येईस्तोवर हात लावू नका." डबा बरोबर घरी नेला.

मी हात लावला. रविवार होता, करमेना. एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा जाड पाइप मी जागेवर बसवून पाहिला. बसला. मग त्याचं एक टोक पुन्हा सोडवलं. तेवढ्यात वावटळ आली आणि शेडमध्ये धूळच धूळ झाली. पाइपाचं तोंड उघडं. मामांचा डबा नव्हता. पुसायला घेतलेला माझा जुना शर्ट होता, निळ्या चौकड्यांचा. त्याची बाही टर्रकन फाडली आणि पाइपात कोंबली. वाकडा पाइप होता, म्हणून जरा खोलवर कोंबली. मग बायकोनं जेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. मी पाइपाचं ते टोक जोडलं, क्लँप आवळले. बाही माझ्या डोक्यातून साफ गेली होती. मामांनी फडकी मोजली. "किती झाली?" मी म्हणालो, "नऊ." मोजणी अगदी बरोबर होती.

गाडी सुरू झाली, छान सुरू झाली. आम्ही बीडच्या रस्त्याला लागलो. माझ्या शेजारी मामा डोळे मिटून आवाज ऐकत होते, मागे माझा मेहुणा बालाजी बसला होता. गावातून हळू चाललो तोवर सगळं ठीक. मोकळा रस्ता दिसला आणि बालाजीला दाखवायला म्हणून मी पाय दाबला. शिट्टीसारखा आवाज चढत गेला. मामांनी डोळे उघडले. "सर, पाय उचला. उचला!" मी उचलला तेव्हा उशीर झाला होता. आत काहीतरी फुटलं आणि गाडीचा जीव गेला.

बीडच्या एका वर्कशॉपात गाडी ओढून नेली. तिथल्या मेकॅनिकनं आमच्या तिघांसमोर पाइप उघडला. पहिल्या टर्बोच्या पात्यांचा चुरा झाला होता आणि तोच चुरा पुढे जाऊन दुसऱ्यालाही खाऊन बसला होता. त्यानं चिमट्यानं एक काळी चिंधी बाहेर ओढली आणि हसला. "आत फडकं विसरलं कोण? काका, तुमी का?"

मी ओळखलं होतं. तेलानं काळी झाली तरी एका कडेला निळी चौकडी दिसत होती. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं, 'ते माझं आहे' एवढंच. बालाजी माझ्याकडे बघत होता. गाडी घेतानाच तो म्हणाला होता, दाजी, हे तुमचं काम नव्हे. मी खाली मान घातली.

मामांनी चिंधी हातात घेतली. बोटांनी चोळली, चष्म्याजवळ नेली, बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग ती खिशात टाकून मेकॅनिकला म्हणाले, "माझी मोजणी चुकली, बाबा. वय झालं."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. सुटल्यासारखं वाटलं. शरम नंतर आली, आणि आली ती गेली नाही.

बालाजीनं ही गोष्ट गावात सांगितली, वाईट हेतूनं नाही, चहा पिताना सांगतात तशी. दारात थांबणाऱ्या गाड्या कमी झाल्या. मग केंद्राच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "ओव्हाळ मिस्तरी माणूस चांगला. पण आता विसरतात म्हणे. पोरांच्या हाताबोटांचा प्रश्न आहे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नाव मी सुचवलं होतं. पहिल्या वेळी मी दचकून गप्प बसलो होतो असं म्हणता येईल. या वेळी विचार करून गप्प बसलो. शनिवारचा वर्ग दुसऱ्याला गेला.

निरोप द्यायलाही मलाच जावं लागलं. मामा म्हणाले, "बरं झालं. शनिवारी मामीला बाजार आणून द्यायचा असतो." वही टीव्हीवर ठेवलेली होती. मी वहीकडे बघत राहिलो, तर त्यांनीच विचारलं, "अजून काय म्हणायचं व्हतं का, सर?" मी म्हणालो, नाही. त्यांनी मामींना चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतर मामांनी पान्याला हात लावला नाही. मला वाटायचं, त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली असेल. या विचारानं माझी झोप उडायची, आणि तरी सकाळी शेजारच्या दारावरून मी "काय मामा, बरं ना?" म्हणत कॉलेजला जायचो. अशी दोन वर्षं गेली.

मग त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं. हृदय थकलं होतं. मी भेटायला गेलो. मामी पाणी आणायला बाहेर गेल्या आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वावटळ, शर्ट, बाही, सगळं. मामा छताकडे बघत ऐकत होते.

"निळ्या चौकड्याचं," ते म्हणाले. "त्याच दिशी वळखलं म्या. आमच्या घरात तसलं कापड न्हाई."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"चारचौघात तुमचं नाव कावून घिऊ? तुमाला तोंड व्हतं की. आज सांगताल, उद्या सांगताल, म्हून वाट बघितली." दम लागला म्हणून ते थांबले. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "मला सांगून काय उपेग? मला तर ठावं हाय. ज्यायला ठावं न्हाई त्यायला सांगा."

मी वचन दिलं. मामा घरी आलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी विहारात माणसं मावत नव्हती. जुने ड्रायव्हर आले होते, आगारातली माणसं आली होती. केंद्राचे अध्यक्ष बोलले, चांगलंच बोलले. शेवटी म्हणाले, "एवढ्या मोठ्या कारागिराच्या हातून आयुष्यात एकच मोजणी चुकली. माणूस आहे, चालायचंच."

मी उठलो. म्हणालो, "ती मोजणी चुकली नव्हती. फडकं माझं होतं. माझ्या शर्टाची बाही. मी त्यांना न सांगता कोंबली आणि विसरलो. मामांनी दोष अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला."

मग अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. सभेकडे वळून ते म्हणाले, "बघा, याला म्हणतात मनाचा मोठेपणा. गेलेल्या माणसाला बोल लागू नये म्हणून सर स्वतःवर घेतायत." माना डोलल्या. मी म्हणालो, "नाही हो, खरंच..." तर मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं माझे दोन्ही हात धरले. "सर, तुमच्यासारखा शेजारी मिळाया नशीब लागतं." बालाजीसुद्धा माझ्याकडे कौतुकानं बघत होता. मी जितकं नाही म्हणालो तितका मी मोठा होत गेलो.

माणसं पांगल्यावर मी मामींकडे गेलो. त्या पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मामी, मी खरं सांगत होतो."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून तुमी गेलते, तवा ह्यायनी सांगितलं मला." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चूक ह्यायचीच ऱ्हायली, सर. अन् मोठेपण बी तुमालाच गेलं."

मी जायला उठलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "तोंडानं सांगितलं की लोकं मोठेपणा समजत्यात. तुमी शिकलेले हाय. लिवून द्या."

म्हणून लिहून देतो. बोलायला दोन वर्षं लावली, त्याचं हे प्रायश्चित्त होत नाही हे मला माहीत आहे. किसनमामा ओव्हाळ यांनी त्या दिवशी नऊ फडकी काढली आणि नऊ परत डब्यात ठेवली. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी "नऊ" म्हणालो होतो. त्यांची मोजणी बरोबर होती. दहावं माझं होतं.