बिनसावलीची दुपार

लातूरला शिकवणीच्या वर्गात मी भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे खरं तर प्रश्न सोडवून घेते. सूर्य, चंद्र, भिंग, तंबोऱ्याची तार, सगळं माझ्या फळ्यावर चार पर्यायांत बसतं आणि त्यातला एक बरोबर असतो. कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी का पडते, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. त्याचं नवल वाटायला वेळ कुणाला आहे? पोरांना नाही, त्यांच्या आईबापांना तर मुळीच नाही. तरी गेल्या मे महिन्यात मला ते वाटलं, आणि तेही निलंग्याजवळच्या आमच्या गावात, आमच्याच अंगणात.

त्याआधीच्या हिवाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा मारला होता. जीव वाचला, हातपाय बरेचसे सावरले. पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि शब्द जड झाले. डॉक्टर म्हणाले, त्यांना चालवा, बोलतं ठेवा. अण्णा मधल्या खोलीतून हलेनात. हा माणूस एकेकाळी पारावर बसला की समोरच्याला उठू द्यायचा नाही. आता कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे. "असलं तोंड घेऊन बाहेर जाऊ व्हय?" एवढंच म्हणायचे. हळूहळू लोक यायचे थांबले. मी दर रविवारी एसटीनं जायची, समजवायची, चिडायची आणि परत यायची. मी तापट, ते हट्टी, मधल्यामधे आईचं मरण.

सुट्टीत गेले होते तेव्हा जेवता जेवता मी सहज म्हणाले, की उद्या दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येणार आणि उभ्या वस्तूची सावलीच पडणार नाही.

अण्णांचा घास हातात राहिला. "रोजच येतो की डोक्यावर."

"नाही येत. थोडा कललेला असतो. अगदी वर वर्षातून दोनदाच येतो. दुसऱ्या वेळी पावसाळ्याचं आभाळ भरलेलं असतं, मग काय दिसणार?"

"जलम उन्हात गेला माझा. मला कसं दिसलं न्हाई?"

"तेव्हा तुम्ही झाडाखाली भाकरी खात बसलेले असायचे."

ते हसले. फार दिवसांनी हसले. हात धुतल्यावर त्यांनी आईला विचारलं, "भर दुपारी गल्लीत कोण असतंय?"

"कोण असणार? कुत्रंबी सावली सोडत न्हाई."

"मग बघू."

त्यांना सूर्यापेक्षा ती रिकामी गल्ली पटली होती, हे मला कळलं. मला तेवढंही चालणार होतं.

दुसऱ्या दिवशी आईनं घर डोक्यावर घेतलं. "डोस्कं फिरलंय तुझं. आजारी माणसाला बाराच्या उन्हात काढायलीस?" तिनं अण्णांच्या डोक्याला ओला पंचा गुंडाळला, खिशात कांदा घातला आणि वर भली मोठी काळी छत्री धरली. अण्णा काठी टेकत उंबरा ओलांडून ओसरीवर आले, ओसरीवरून अंगणात उतरले.

मी अंगणात एक उभट डबा ठेवला होता. बारा वाजले तरी त्याच्या बुडाशी सावलीची चिंचोळी पट्टी होतीच.

"हाय की," अण्णा म्हणाले.

"घड्याळाचे बारा वेगळे, सूर्याचे वेगळे. आपल्याकडे तो जरा उशिरा येतो."

"त्याला म्हणावं आटप," आई म्हणाली. छत्री धरून तिचा हात भरून आला होता.

पट्टी आखडत गेली आणि डब्याखाली नाहीशी झाली. मी हरखून अण्णांकडे बघितलं, तर ते डब्याकडे बघतच नव्हते. आईला छत्री मिटायला लावून ते आपल्या काठीकडे बघत होते.

"माझ्या काठीची का जात न्हाई?"

"तुम्ही टेकलात ना तिच्यावर. ती तिरपी आहे. सरळ धरली की जाईल."

बोलून गेल्यावर मला उमगलं, सरळ धरायची म्हणजे तिच्यावरचा भार काढून घ्यायचा. मी हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. पाय जरासे फाकवले, दम घेतला आणि काठी उभी केली. तिची सावली आत शिरत गेली आणि संपली. अण्णा आपल्या पायांवर उभे होते, आणि काठीखाली नुसती पांढरी माती.

"गेली," ते म्हणाले.

आईच्या आरडाओरड्यानं समोरच्या काकू दारात आल्या होत्या. "काय करायलेत हो अण्णा, भर उन्हात?"

आता हे आत जाणार. त्यांनी तोंड फिरवायला घेतलंही, पण वेळ थोडा होता.

"सावली गेली," ते जड जिभेनं म्हणाले. "ये, बघ. लवकर ये, परत येईल ती."

काकू मुसळ घेऊन आल्या. मागून त्यांचे मालक आले, शेजारची सून पाण्याची बाटली घेऊन आली. "तिरपं धरलंस. सरळ धर," अण्णा एकेकाला सांगत होते. शब्द अर्धेमुर्धे येत होते आणि सगळ्यांना कळत होते. मी मोबाईलवर एक फोटो काढला.

डोक्यावरच्या उन्हात फोटो काढू नये, असं कुठलाही फोटोग्राफर सांगेल. डोळ्यांच्या खोबणी काळ्या आल्यात, मातीचा पांढरा पट्टा झालाय. पण त्यात सगळ्यांच्या माना खाली आहेत, आपापल्या पायांकडे. अण्णांच्या तोंडाकडे कुणाचंही लक्ष नाही. एकटे तेच वर बघतायत आणि बोलतायत. त्या दुपारसाठी मी कुणाचे आभार मानावेत, मला ठाऊक नाही. सूर्याचे मानले तर वर्गातली पोरं हसतील. तरी मी मानते.

काठीची सावली दुसऱ्या बाजूनं निघायला लागली तशी काकूंनी चहाची हाक दिली. आई छत्री उघडेपर्यंत अण्णा गल्ली ओलांडून गेलेसुद्धा होते.