रिकाम्या जिममधले मंगळवार

मयूरा धारप २००८ साली नाशिकहून मेलबर्नला अकाउंटिंग शिकायला आली आणि बॉक्सिंग शिकवण्यात रमली. त्या वर्षांत भारतातून विद्यार्थ्यांची रीघ लागली होती, आणि मधली दोन-तीन वर्षं सोडली तर पुढे ती वाढतच गेली. युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, जिममधल्या तिच्या क्लासला निम्मे चेहरे असे लांबून आलेल्यांचेच असत. नोकरी मात्र कायम कॅज्युअल. क्लास असला तर काम.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या लॉकडाऊनमुळे जिम बंद झालं. मॅनेजर ग्लेनने फोन केला. "तुझ्या जागेचं अजून वरून काही कळलं नाही. तोवर एक काम करशील? दर मंगळवारी जाऊन सगळे नळ आणि शॉवर तीन-तीन मिनिटं सोडायचे. पाणी पाइपात साचून राहिलं की जंतू होतात."

निदान नाव कामाच्या यादीत राहील, म्हणून ती हो म्हणाली.

दर मंगळवारी दुपारी ती डँडेनॉन्ग उपनगरातल्या घरून रिकाम्या रस्त्याने यायची. आत पाऊल टाकलं की सेन्सरचे दिवे एकेक करून पेटत जायचे. ती शॉवर सोडायची आणि एकशे ऐंशीपर्यंत मोठ्याने मोजायची, मराठीत. स्वतःचा आवाज ऐकू आला की जरा बरं वाटायचं.

जुलैमध्ये एकदा शेवटच्या शॉवरखालची फरशी आधीच ओली दिसली. गळत असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं. पुढच्या मंगळवारी हॉलमधली कोपऱ्यातली पंचिंग बॅग हलत होती. खिडक्या बंद होत्या. साखळी कुरकुरत होती, आणि त्या बाजूचा दिवा ती पोचायच्या आधीच पेटलेला होता. घरी आल्यावर तिने ग्लेनला फोन लावला आणि काहीच न सांगता ठेवून दिला. भास होतात अशा बाईला कोण कामावर ठेवील?

तिसऱ्या मंगळवारी ती एकशे बारापर्यंत आली आणि ठसका लागून थांबली.

"एकशे तेरा," भिंतीपलीकडून कोणीतरी म्हणालं.

मयूराने शॉवर बंद केला. पलीकडच्या स्टोअरचं दार तिने ढकललं. मॅट्सच्या चळतीवर कोट घालून एक मुलगी बसली होती. गेल्या वर्षी क्लासला येणारी मीनाक्षी.

"सॉरी, कोच. तोंडातून निघून गेलं. चार दिवसांत कोणाचा आवाजच ऐकला नव्हता."

शहराच्या दुसऱ्या टोकाला, ट्रुगानिनाला, एका घरात सहा जणींत ती राहायची. रेस्टॉरंटच्या शिफ्ट थांबल्या, भाडं थकलं, घरमालकाने बाहेर काढलं. जिमचं दार उघडायचं कार्ड अजून चालत होतं.

"कधीपासून आहेस इथे?"

"शुक्रवारपासून."

"आणि त्याआधी? ती ओली फरशी? ती बॅग?"

"मी शुक्रवारीच आले, कोच. बॅग तुम्ही हलवता असं मला वाटलं. रोज दुपारी हलते. मी तिकडे जातच नाही."

मयूरा तर फक्त मंगळवारी यायची.

"सामान उचल," ती म्हणाली. उरलेले नळ तिने सोडलेच नाहीत.

गाडीत बसल्यावर तिने ग्लेनला मुलीबद्दल खरं ते सांगितलं. बॅगचा विषय काढला नाही. "नो वरीज, तिला तिथून हलवलंस ना," तो म्हणाला. आठवड्याभरात ईमेल आला: नळांचं काम कंत्राटदाराला दिलं आहे, आभार. का, ते लिहिलं नव्हतं.

घरी पाहुणे आणायला तेव्हा मनाई होती. मीनाक्षी मात्र पाहुणी म्हणून नाही, राहायलाच आली, आणि सात महिने राहिली. दोघी डँडेनॉन्गच्या एका गोदामात खोकी भरायच्या. कधी दुपारी काम करता करता एकदम शांतता पसरली की त्या एकमेकींकडे बघायच्या आणि काहीबाही बोलायला लागायच्या.

२०२२ मध्ये विद्यार्थी परतले आणि युनीने मयूराला बोलावलं, या वेळी वर्षाच्या करारावर. आता क्लास सुरू करताना ती हजेरी घेते. नुसता हात वर केलेला तिला चालत नाही. प्रत्येकाने तोंडाने नाव सांगायचं, मग ती डोकी मोजते, आणि आकडा जुळला की ग्लोव्हज घालायला सांगते.