ताईकडे जाणारं पाणी

माझी मावशी नदीवर होडी चालवते. होडी सपाट बुडाची, रंग उडालेली. तिच्या इंजिनाचा आवाज मावशीच्या आवाजापेक्षा जरा कमीच. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, बंदरामागच्या गल्लीत मावशीचं घर. तिची थोरली बहीण राहते पार वर, डोंगराच्या पायथ्याशी; तिथवर रस्ता नाही. मावशी तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणतो. मधल्या खडकाळ पट्ट्यातून होडी जाईल एवढं पाणी वर्षातून एकदाच येतं, डोंगरावरचा बर्फ वितळतो तेव्हा. त्या दिवसांत मावशी वरच्या वस्तीला पीठ, औषधं, गॅसच्या टाक्या पोचवते आणि ताईच्या स्वयंपाकघरात बसून वर्षभराचं बोलून घेते. फोन आहे, नाही असं नाही. पण फोनवर बोलून मावशीचं पोट भरत नाही.

पाणी कधी येणार ते ती डोंगरालाच विचारते. समोरच्या उतारावर बर्फाचा एक पट्टा वासरासारखा दिसतो. ऊन चढलं की आधी त्या वासराची मान वितळते, आणि मान गेली की होडी पाण्यात ढकलायची, हे तिच्या वडिलांपासून चालत आलेलं. तोवर होडी ओंडक्यांवर पालथी आणि इंजिन स्वयंपाकघरात, वर्तमानपत्रावर सुटं मांडलेलं. जेवायला बसायचं तर त्याला वळसा घालून.

मी बंदरावरच्या हवामान कार्यालयात नोकरीला. थंडी सुरू व्हायच्या आधी मी तिला म्हणालो, "मावशी, यंदा तिकडे लांबचा समुद्र तापलाय. आपला हिवाळा उबदार जाईल बहुतेक. डोंगरावर बर्फाऐवजी पाऊस पडेल, आणि सगळं पाणी थंडीतच वाहून जाईल."

"तुझा समुद्र तापला तर माझ्या नदीनं का घाई करावी?" ती म्हणाली. "तो पाना दे आधी."

अशा माणसापुढे शहाणपण चालत नाही. मी पाना दिला.

हिवाळा लागला आणि ताईचा फोन आला. तिची नजर झपाट्यानं कमी होत होती. वरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. "या खेपेला लवकर ये गं," ताई म्हणाली. "दिसतंय तोवर तुझं तोंड बघून घेते."

मावशीनं त्याच दिवशी होडीच्या बुडातल्या दोन कुजक्या फळ्या उपटल्या. वाटेत काही दगाफटका नको म्हणून. आणि त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. नदी काठोकाठ भरून, गढूळ होऊन धावू लागली. मावशी काठावर उभी. होडीला बूड नाही, इंजिन स्वयंपाकघरात! तिनं जिवाचं रान केलं, पण फळ्या बसेपर्यंत पाणी उतरलं होतं.

"उन्हाचं येईलच की थोडं," ती म्हणाली. वर बर्फच पडलेला नाही हे मला माहीत होतं, तरी मी तिच्याबरोबर इंजिन उचलून होडीवर नेलं. डोंगर काळाच राहिला. त्या वर्षी वासरू जन्मालाच आलं नाही.

तरी आम्ही निघालो. खडकाळ पट्ट्यात होडीचं बूड खरडलं आणि ती बसली. मावशी खाली उतरली. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत. तिनं होडी ढकलली, नदीला शिव्या घातल्या आणि मग तिथेच दगडावर बसून मोठ्यानं रडली. मला तिच्याकडे बघवेना.

"राहू दे गं," ताई फोनवर म्हणाली. "पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते दोघींनाही कळत होतं.

पुढच्या हिवाळ्यात मावशीनं होडी काठावर ओढलीच नाही. बूड पाणी खाऊन कुजेल म्हणून सगळी गल्ली ओरडली, पण हिनं दाद दिली नाही. डोंगराकडे बघणंही सोडलं. रोज सकाळी मलाच विचारायची, "काय म्हणतोय तुझा समुद्र?" ऐन थंडीत पाऊस आला तसे आम्ही भिजत, कुडकुडत वर गेलो.

ताईच्या दारापाशी मावशी थांबली. टोपी काढली, ओल्या हातानं केस चापून बसवले, नीट भांग पाडला, आणि मग हाक मारली.

ताई भिंतीचा आधार घेत आली. नजर भलतीकडेच. मावशीनं ताईचे दोन्ही हात धरून आपल्या चेहऱ्यावर ठेवले. ताईची बोटं गालांवरून, कपाळावरून फिरली आणि केसांपाशी थांबली.

"भांग पाडून आलीस?" ताई म्हणाली. "कुणाला दाखवायला गं, वेडे?"

"तुला," मावशी म्हणाली.