सुजाताने पदयात्रा का सोडली

सुजाता दमून परत आली नव्हती. हे आधी वाचा, मग खाली हात जोडायच्या इमोजी टाका.

आज दुपारी तिला निरोप देऊन आलो. केडगावच्या घरी बुद्धवंदना झाली. बाहेर चपला शोधता शोधता तिचा एक चुलतभाऊ मला म्हणाला, "बिचारी. लहानपणापासूनच नाजूक. ती कॉलेजची पदयात्रापण झेपली नव्हती तिला."

नव्वदच्या दशकापासून हे वाक्य ऐकतेय मी. तिनेच मला गप्प बसवलं होतं. आता ती नाही, तर मी बोलणार.

सुजाताला नवव्या वर्षी मेंदूचा टीबी झाला होता. कित्येक महिने दवाखान्यात होती. वाचली. पुन्हा चालायला शिकली.

पण घरच्यांसाठी ती कायम पेशंटच राहिली. पीटीला सुट्टी, सहलीला नाही, सायकल तर नाहीच नाही. मावशींनी, म्हणजे तिच्या आईने, तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं आणि त्या जपण्याला ती पार वैतागली होती.

टीबी झालेल्या मुलांच्या वॉर्डसाठी निधी गोळा करायला आमच्या कॉलेजने नगर ते कर्जत पदयात्रा काढली, तेव्हा पहिलं नाव हिचं.

मला म्हणाली, "एकदा कर्जतला चालत पोचू दे. मग मला कुणी 'जपून चाल' म्हणू दे, बघतेच."

मावशींनी मला सोबत धाडलं. माझ्यावर भरवसा होता म्हणून नाही, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून.

बरोबर आमचे एक सर होते. माईक दिसला की त्यांना राहवायचं नाही. प्रत्येक गावात हिला पुढे उभी करायचे. "ही मुलगी मरणाच्या दारातून परत आलीय." लोक चादरीत पैसे टाकायचे.

सुजाता दात-ओठ खायची, पण उभी राहायची. म्हणायची, "पैसे येताहेत ना? मग होऊ दे माझं प्रदर्शन."

मिरजगावच्या अलीकडे एका वस्तीवर भाषण संपलं आणि गर्दीतून एक बाई पुढे आली. आमच्याच वयाची असेल. तिने कडेवरचं पोर सरळ सुजाताच्या पायावर ठेवलं.

"ताई, तू मरनातून माघारी आलीस म्हनं. माज्या लेकरावरून हात फिरव. लई दिस झालं, ताप उतरंना."

सुजाताचे वडील शाळेत गुरुजी. अंगारा, ताईत, नवस, यातलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. मला वाटलं, आता ही त्या बाईला फटकारणार.

तिने पोर उचललं. मान मागे ताठ झालेली, डोळे अर्धवट उघडे. सुजाताचा चेहरा पांढराफटक पडला. स्वतःच्या आजारपणाची गोष्ट तिने आईकडून शंभरदा ऐकली होती.

"याला आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं. दवाखान्यात."

"दवाखाना कशाला? तुजा हात लागला की झालं. तू बरी झालीस न्हवं?"

"मी दवाखान्यातच बरी झाले गं."

"व्हय, पन वाचलीस ती तुज्या नशिबानं. त्येच मागतीया मी."

बाई काही ऐकेना. मग सुजाता जे बोलली, ते गुरुजींच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी तिच्याशी अबोला धरला असता.

"फिरवते हात. पण नगरला दवाखान्यात पोचेपर्यंत काढायचा नाही, तरच गुण येतो. बसतेस गाडीत?"

बाई मुकाट बसली.

कांद्याच्या रिकाम्या टेम्पोत आम्ही तिघी आणि ते पोर. सर ओरडत होते, "अगं, कर्जतला सत्कार आहे तुझा." तिने वळूनही पाहिलं नाही. मी का चढले? खरं सांगते, माझे पाय फोडांनी भरले होते आणि बसायला मिळालं याचंच बरं वाटलं.

टेम्पो आदळत होता. सुजाताने सगळ्या रस्त्यात पोराच्या कपाळावरचा हात हलवला नाही.

दवाखान्यात नर्सने सुजाताच्या हाताखालून पोर घेतलं आणि आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं.

डॉक्टर आम्हाला व्हरांड्यात म्हणाले, "फार उशीर झाला होता. आधी आणायला हवं होतं." बाई तेव्हा आत होती. तिने हे ऐकलं नाही.

ती बाहेर आली आणि सुजातासमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"तू हात काढलास," म्हणाली. "काढायचा न्हाई म्हनलीस, आन काढलास."

मी तोंड उघडलं. सुजाताने माझं मनगट इतकं दाबलं की वळ उठले.

"चुकलं माझं," ती बाईला म्हणाली. बाईचा नवरा येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली.

तिकडे कर्जतला माईकवरून सांगितलं गेलं की सुजाताला झेपलं नाही, ती परत गेली. केडगावात तेच पोचलं. मावशी म्हणाल्या, "सांगत होते मी." मला कुणी काही बोललं नाही, माझ्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती.

सुजाता सगळ्यांचं ऐकून घेत राहिली. ज्या गोष्टीसाठी ती निघाली होती, ती तिला पुढेही कधी मिळाली नाही.

मी भांडले तिच्याशी. कडाकडा भांडले. "सांग ना लोकांना खरं काय ते. डॉक्टर काय म्हणाले ते सांग. त्या बाईनेच उशीर केला. तू कशाला दुसऱ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतेस?"

ती धुणं वाळत घालत होती.

"इथं सांगितलं तर फिरत फिरत तिच्या कानावर जाईल," म्हणाली. "आत्ता तिला वाटतंय, मी हात काढला म्हणून लेकरू गेलं. वाटू दे. नाहीतर तिला जन्मभर वाटेल, तिच्यामुळं गेलं."

त्या वस्तीचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीही कमेंटमध्ये लिहू नका.

सुजा, मला राहवलं नाही गं. तुला मनापासून आदरांजली.