हक्क सोडणार नाही, घर विकीन

सौदा पक्का झाला तेव्हा घरमालकांनी आम्हा दोघांच्या हातावर एकेक पेढा ठेवला आणि मला वाटलं, घेतलं घर. मी आमगावजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. प्रश्नपत्रिका सोपी वाटली तर पान उलटून बघा, असं पोरांना रोज सांगते. स्वतः मात्र पेढा खाल्ला, बयाना दिला आणि पडद्यांच्या रंगावरून नवऱ्याशी भांडत भाड्याच्या खोलीवर परत आले.

घर गोंदियातच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं मोरी आणि एक पेरूचं झाड. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, आता नागपूरला मुलाकडे निघालेले. माणूस सज्जन. रेल्वेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे: "होऊन जाईल."

पहिला दणका वकीलबाईंनी दिला. माझ्याहून वयानं लहान, पण कागद हातात घेतला की सासू. बयान्याची पावती मागितली. आम्ही म्हटलं, पेढा दिला. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं आणि मग बोटांवर मोजायला लागल्या: आधी इसारपत्र, मग मालकी तपासणं, मग बँक, मग रजिस्ट्री, मग कागदोपत्री नाव चढवणं, मग लाइटचं मीटर, मग नगर परिषद. एका हाताची बोटं संपून त्या दुसऱ्या हातावर गेल्या तेव्हा नवरा उठून पाणी प्यायला गेला. तो राइस मिलमध्ये फिटर आहे. नुसत्या आवाजावरून मशीनचा कुठला पट्टा ढिला झालाय ते सांगतो, पण चार ओळींचा अर्ज दिसला की त्याला कणकण येते.

घर माझ्या नावानं घ्यायचं होतं, कारण पगाराची स्लिप माझी होती आणि बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात थोडी सूट मिळते. बँकेतल्या साहेबांना हे दोनदा सांगून झालं. तरी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "नोकरी किती वर्षांची राहिली?" नवरा म्हणाला, नोकरी हिची आहे, हिला विचारा. साहेबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्नही त्यालाच विचारला. मी उत्तरं देत राहिले, ते त्याच्याकडे बघून लिहीत राहिले. कर्ज मंजूर झालं म्हणून मी फार बोलले नाही.

मग एक दिवस शाळेत खिचडीच्या वेळेला वकीलबाईंचा फोन आला. जागेच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या उताऱ्यावर, दोन नावं निघाली होती. एक आमच्या मालकांचं, दुसरं त्यांच्या बहिणीचं. जागा वडिलांची, ते गेल्यावर दोन्ही वारसांची नावं लागलेली. मालकांना विचारलं तर म्हणाले, "हो, बहीण आहे. पण नाव नुसतं कागदावर आहे."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, घरसुद्धा कागदावरच विकतात."

बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली की मार्ग मोकळा होणार होता. पण मालक तिच्याकडे जायला तयार नव्हते. सहा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव बहिणीच्या दिरांच्या खाली छापलं होतं, म्हणून ते लग्नातून न जेवता परत आले होते आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. शेवटी एका रविवारी आम्हीच सालेकशाच्या गाडीत बसलो. नवऱ्यानं हक्कसोडपत्राचा मसुदा प्लास्टिकच्या पिशवीत घालून असा छातीशी धरला होता, जसं काही बाळाला लस द्यायला निघालोय.

बाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. साठी ओलांडलेली, विधवा, स्वतःची धानाची शेती स्वतः करणारी. तिनं आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी शाळेत वाचते तसा स्वच्छ उच्चार करत सगळा मसुदा वाचला. ती फुलं पसरवत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "हक्क सोडाचा म्हणता. भेटला कवा होता, का सोडू?"

मी काहीतरी म्हणाले, की रीतच आहे, बहिणी भावासाठी सोडतातच.

"तुमी सोडला का वो बाई तुमचा?"

मी सोडला होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी भावानं बोलावलं, तहसील कचेरीत चहा पाजला, मी न वाचता सही केली. रोज पोरांना वाचून सही करा म्हणून सांगणारी मी. वहिनीनं वांग्याच्या रंगाची साडी दिली, ती मी एकदाही नेसले नाही.

"सोडला," मी म्हणाले.

"लुगडं भेटलं असन."

"भेटलं."

ती हसली. मग नवराही हसला, त्याचं काही कारण नव्हतं. मला हसू आलं नाही. कान मात्र गरम झाले.

ती हात झटकून समोर येऊन बसली. "घर विकाले माही ना नाई. पण मी विकीन. माह्या वाट्याचे पैसे घेईन आन् सही करीन. आन् त्याले सांगा, सोता येऊन बोलाव. गिऱ्हाईक कायले पाठवते?"

परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, थोडंफार देऊन सही घेता आली असती. खरं सांगायचं तर आमगाव येईपर्यंत मीही तेच मनात घोळवत होते. घर हवं होतं, कर्जमंजुरीची मुदत संपत आली होती, आणि तत्त्वांना छप्पर नसतं. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि इतकं ओंगळ वाटलं की मी त्याला गप्प बसायला सांगितलं आणि स्वतःलाही.

मालकांना मी जसंच्या तसं सांगितलं. या खेपेला "होऊन जाईल" आलं नाही. ते म्हणाले, "बाबांचं आजारपण मी काढलं, घराला रंग मी दिला, तिनं काय केलं?" वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं की उताऱ्यावर रंगाची नोंद होत नाही. ते रागावून उठले. दोन दिवसांनी निरोप आला, बयाना परत घ्या, विकायचंच नाही. आम्ही पडद्यांवरून भांडणंही बंद केलं.

पंधरवडा गेला. एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक. "मॅडम, सालेकशाला येता का सोबत? एकट्यानं जाणं बरं नाही दिसत."

आम्ही तिघं गेलो. दारात ते उभे राहिले आणि चप्पल काढावी की नको यातच अडकले. बहिणीनं आतूनच विचारलं, "जेवून आला का?"

"नाही."

"मंग बस."

वाटणीची बोलणी एवढीच झाली. तिनं चार ताटं वाढली. लग्नपत्रिकेचा विषय तिनंच काढला. नावांची यादी तिनं नीट दिली होती, खालीवर छापणाऱ्यानं केलं होतं. सहा वर्षं. मालक भाताकडे बघत राहिले आणि दुसऱ्यांदा वरण मागितलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी तिचा अंगठा मशीन घेईना. धानाच्या आणि मोहाच्या कामात रेषा झिजून गेलेल्या. ऑपरेटरनं हात धुवायला सांगितलं, पुसायला सांगितलं, दुसरं बोट, तिसरं बोट. मालक उठून तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि ऑपरेटरला म्हणाले, घाई नका करू, ती दोन गाड्या बदलून आलीय. गाडी एकच होती, पण कुणी दुरुस्त केलं नाही. मग तिनं बोटं स्वतःच्या तेल लावलेल्या केसांवर घासली आणि मशीननं घेतलं. ऑपरेटर म्हणाला, "आजी, कागद समजला ना?"

"या बाईनं वाचून देल्ला. समजला," ती म्हणाली. "मी विकून राहिली."

दोन विकणाऱ्यांच्या नावाचे दोन चेक गेले. पुढं उताऱ्यावर नाव चढवायला, मीटर बदलायला, कराच्या नोंदीला तीन कार्यालयांनी तेच कागद तीनदा मागितले आणि प्रत्येकानं असे मागितले की जणू घर नाही, आम्हीच खोटे आहोत. पण त्याचं आता फारसं काही वाटत नव्हतं.

राहायला गेल्यावर महिन्याभरात मालकांची बहीण आली. मोहाचे लाडू आणले होते. चहा घेण्याआधी तिनं सगळं घर पायांनी मोजल्यासारखं फिरून पाहिलं आणि आमच्या झोपायच्या खोलीत पलंगापाशी थांबली.

"इथं विहीर होती," म्हणाली. "माह्या बापानं बुजवली. बराबर या पलंगाखाली."

बँकेच्या मूल्यांकनवाल्यानं, वकीलबाईंनी, उताऱ्यानं, कुणीच हे लिहिलं नव्हतं. ती जेवून, ताणून झोपून चारच्या गाडीनं गेली. नवऱ्यानं फरशीवर कान ठेवून बराच वेळ ऐकलं, मशीनचं ऐकतो तसं. काही ढिलं नाही, असं म्हणाला. पण पलंग मात्र त्यानं त्याच संध्याकाळी दुसऱ्या खोलीत नेला.