आधी कोण निघालं?

बाबांचा फोन आला तेव्हा मी मुरारच्या बाजारात भाजी घेत होते. "सुमन गेली," ते म्हणाले, आणि लगेच, "गाडी सावकाश चालव." आवाज इतका सपाट, की रडू येण्याआधी मला शंकाच आली... हे काहीतरी लपवताहेत. सुमनआत्याच्या हाताखाली वाढलेल्या मुलीचं असंच होणार. आता महिना उलटला, तिची आठवण जाता जात नाही, आणि ती शंकाही.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवलं, आणि माधवगंजच्या आमच्या घरात राहून साऱ्या जगावर पाळत ठेवली. दुधात बोट बुडवून बघायची, एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची, माझं कुणी कौतुक केलं तर "त्याला तुझ्याकडून काय हवंय?" विचारायची. पण तिचा खरा संशय बाबांवर होता. पणजोबांना शिपाईगिरीबद्दल मिळालेली आमची जमीन चंबळच्या बाजूला, बीहडाच्या काठावर. तिकडे पावसाचं पाणी माती कापत सुटतं, शेतांच्या जागी ओसाड घळी उरतात, आणि माणसं शहराची वाट धरतात. आमच्या घरात सांगायची गोष्टही तीच. जमीन कापली गेली, म्हणून आजोबा पोरांना घेऊन ग्वाल्हेरला आले.

आत्याला ती कधीच पटली नाही. लहानपणी भर पावसात ती दादामागून, म्हणजे बाबांमागून, शेताच्या बांधावर फिरायची, उंदरांची बिळं चिखलाने बुजवायची. एक बीळ राहिलं तरी तिथून पाणी शिरतं आणि बांध फुटतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. "आपण होतो तोवर बांध शाबूत होता. आधी आपण निघालो, मग जमीन गेली. दादा, एकदा तरी खरं बोल ना!" बाबा पेपर तोंडासमोर धरायचे. मग ती बाहेरच्यांना पकडायची. रिक्षावाला असो की रंगारी, बोलण्यात तिकडची लकब ऐकू आली की उलटतपासणी सुरू... "कौन गाँव के हो? छोड़ा काहे?" एकदा दारावर आलेला म्हातारा पेरूवाला आमच्याच गावाच्या खालच्या अंगाचा निघाला. "ऊपर वाले चले गए, उनकी मेड़ टूटी, फिर हमाई गई," वरचे गेले, त्यांचा बांध फुटला, मग आमची जमीन गेली, असं तो सहज बोलून गेला. वरच्या अंगाचे ते लोक म्हणजे आम्हीच, हे त्याला काय ठाऊक! आत्याने त्या दिवशी पेरू न निवडता घेतले, जे आमच्या घरात कधी घडलं नव्हतं, आणि पुढे कित्येक दिवस बाबांशी बोलली नाही.

तेराव्यानंतर तिची खोली आवरायला घेतली, तर बाबा येऊन तिच्या पलंगावर बसले. "तिचंच खरं होतं, बेटा," ते म्हणाले. "आधी आपणच निघालो. गावात पाचवीपुढे शाळा नव्हती, आणि सुमनला शिकायचं होतं. अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, तिच्यासाठी गाव सोडलं. पण हे सांगितलं असतं तर भाऊबंदांनी पोरीला जन्मभर टोमणे मारले असते. म्हणून जमिनीचं नाव पुढे केलं. पुढच्याच पावसात बांध फुटला, आणि खोट्याचं खरं झालं."

"आणि तुम्ही?"

"मला शेतीच करायची होती."

मी चिडले. म्हातारपणी तरी तिला सांगायचं होतं! बाबांनी मान हलवली. "कसं सांगणार? त्या पेरूवाल्यानंतर तर नाहीच. आपल्या शाळेपायी खालच्यांचीही जमीन गेली, हे तिला कळलं असतं."

बहिणीच्या शाळेपायी शेत सोडायचं, आणि तिच्याच तोंडून खोटारडा म्हणवून घ्यायचं... मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. खोली आम्ही तशीच ठेवून उठलो. पण त्या पलंगावर बसलं की मलाही आत्यासारखंच सुचायला लागतं. गाव सोडलं त्याच वर्षी तिचं नाव इथल्या सहावीत घातलं गेलं. एवढी हुशार, एवढी संशयी बाई, तिला हे जुळवता आलं नसेल? आधी कोण निघालं, हे तिने आयुष्यभर ज्याला त्याला विचारलं. कुणासाठी निघालो, हे मात्र कधीच, कुणालाच विचारलं नाही. मला दाट संशय आहे, तिला ठाऊक होतं.