आठ मिनिटं म्हणजे किती लांब

एम. ए. संगीताच्या शेवटच्या वर्षी स्वतःची रचना सादर करायची असते आणि तिच्यावर शोधनिबंधही लिहायचा असतो. वर्गातल्या बाकीच्यांनी शहाण्यासारखा तानपुरा, तबला आणि एखादा उदास राग धरला. मला अक्कल जरा जास्त. मी लग्नाचा बँड घेतला. पुंडलिकनगरात घरातच क्लॅरिनेट वाजवणारा बाप असताना लांब कशाला जायचं, हा त्यामागचा शास्त्रीय विचार.

रचना आठ मिनिटांची. साडेसहा मिनिटं बँड वाजत वाजत विभागाच्या फाटकापासून सभागृहापर्यंत येणार, मग आत शिरणार, आणि शेवटचं दीड मिनिट ढोलताशे गप्प, फक्त पप्पांची क्लॅरिनेट. सगळा जीव त्या दीड मिनिटात होता. मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, "शेवट झाला नाही तर रचना अपूर्ण. अपूर्ण म्हणजे नापास."

"आठ मिनिटं म्हंजे किती लांब?" पप्पांनी विचारलं. "कुठून कुठपर्यंत वाजवायचं ते सांग." मी लिहिलेली स्वरलिपी पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि कौतुकानं शोकेसमध्ये ठेवली. शेवटी मी गाऊन दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकून उचललं, वर माझी एक जागा सुधारून दिली. मला राग आला, कारण ती खरंच सुधारली होती.

तालीम आमच्या गच्चीवर. पप्पा धरून बँडचे पाचही जण गोल फिरत वाजवायचे, एका जागी उभं राहून त्यांचा हातच चालत नाही. ताशेवाले काका तरी मधेच थांबायचे. "पोरी, समोर कुणी नाचंना. चाल कुणाच्या पायावर धरू?" मग वाळत घातलेल्या चादरींमधून मी उलटी चालत, नवरदेवाच्या मामासारखी नाचले. निबंधात हे 'सहभागी निरीक्षण' म्हणून घातलं.

परीक्षेच्या दिवशी मंडळी लाल कोटांना इस्त्री करून आली. बाहेरगावचे परीक्षक सभागृहात पहिल्या खुर्चीवर बसले. बँड फाटकापासून असा काही निघाला की शेजारच्या विभागातली पोरं नाचायला लागली, पाठोपाठ शिपाईमामाही. ताशेवाल्या काकांना हवे तेवढे पाय मिळाले. मी आत घड्याळ धरून बसले होते. बरोबर साडेसहा मिनिटांनी बँड दाराशी आला.

आणि थांबला. पाचही जणांनी वाद्यं खाली केली, पप्पा रुमालानं घाम पुसायला लागले. मी आतून हात केला. त्यांनीही केला, तुमचं चालू द्या असा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर या माणसांनी वरात मंगल कार्यालयाच्या दारापर्यंत पोचवली होती. पुढे अक्षता आत पडतात, बँड बाहेर थांबतो. दार आलं की त्यांचे पाय आपोआप थांबतात.

"संपलं?" परीक्षकांनी विचारलं.

मी धावत दारात गेले. "पप्पा, आत या ना. शेवट राहिलाय."

"आमचं दारापर्यंतच असतंय गं," ते हळू आवाजात म्हणाले. "आत मोठी माणसं बसलीत. इथूनच वाजवतो की."

"नाही. आतच यायचं." मी चिडले होते आणि रडूही येत होतं. वर्षभर बँडवर संशोधन केलं, आणि ही एवढी गोष्ट माझ्या निबंधात कुठंच नव्हती. लाज वाटली मला.

पप्पांनी बूट दाराबाहेर काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तसेच आत आले, भिंतीकडे बघत उभे राहिले आणि वाजवायला लागले. दीड मिनिटाची तीन मिनिटं केली त्यांनी. मी घड्याळ बघायचं विसरले.

"आता पूर्ण झालं," परीक्षक म्हणाले. गुणपत्रिकेवर काहीतरी लिहून ते उठले आणि त्यांनी आपलीच खुर्ची पप्पांपुढे सरकवली. पप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग अगदी कडेला टेकले आणि मला जवळ बोलावून कानात म्हणाले, "त्यांना बी आत बोलवू का?"

दारात बाकीचे चौघं आपापले बूट हातात धरून उभे होते.